पिळाची बाटली

सुज्ञ वाचकहो! पुढे जी हकीकत निवेदन करण्यात येत आहे, तीत राजे नाहीत, लढाया नाहीत आणि एकही महाल नाही. तीत एक दोर आहे, तो वळणारे दोन हात आहेत आणि त्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारी एक स्त्री आहे. दारूच्या पाशात सापडलेला एक मनुष्य प्रभूच्या कृपेने कसा सुटला, व सुटल्यानंतर खरे अवघड काम त्यास कोणते करावे लागले, हे येथे यथामती सांगितले आहे. चूकभूल जाणत्यांनी पदरात घ्यावी.

सन एकोणीसशे छत्तीसचा उन्हाळा. निपाणीच्या पूर्वेस दोन कोसांवर माळगुंदी नावाचा गाव आहे, त्या गावच्या विहिरींनी त्या साली तळ दाखविला. मागील पावसाळ्यात हस्त नक्षत्र कोरडे गेले होते. मारुतीराव या मातबर शेतकऱ्याच्या मळ्यातील विहीर कधी आटत नसे. परंतु तिचेही पाणी नऊ परसांवर, म्हणजे नऊ पुरुष खोल, गेले आणि मोट ओढणारा जुना नाडा आखूड पडू लागला. मोट पाण्याच्या वर हातभर लोंबकळे व रिकामीच वर येई. निपाणीच्या बाजारातून काथ्याचा लांब नाडा आणविला, तो चाकावर घासून आठ दिवसांत पिंजारला. दोन एकर उभा ऊस पानांच्या टोकांकडून पिवळा पडत चालला. तेव्हा नाइलाजाने मारुतीराव गावकुसाबाहेर, दोर वळणाऱ्यांच्या वस्तीकडे निघाले. पाच वर्षांत त्यांचे पाऊल त्या दिशेस पडले नव्हते.

त्या समयी दोर वळणाऱ्या केदारीची बायको अंजनी ओढ्याकाठच्या दगडावर घायपात बडवीत होती. घायपाताची पाने डबक्यात कुजवून, मोगरीने बडवून, त्यांतून पांढरा वाख काढावा लागतो. त्या रसाने कातडीस अशी खाज सुटते की शेजारणीशी बोलतानाही हात थांबत नाहीत. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मारुतीराव दहा पावलांवर बाभळीच्या सावलीत थांबले.

“केदाऱ्या कुठं हाय गं?”

“पाती आणाय माळावर गेल्यात, मालक.”

“चालत गेलाय, का कुणी उचलून नेलाय?”

सोबतचा गडी फिस्सकन हसला. अंजनीने मोगरी खाली ठेवली नाही.

“दोन वर्सं झाली, आपल्या पायानं जात्यात. येत्यात बी आपल्याच पायानं.”

“आयकलंय म्या. येसूच्या देवळात जातोय म्हणं.”

“व्हय.”

“जाऊ दे तिकडं. देव कुठला का असंना, दोर धरला म्हंजे झालं. बारा परसाचा नाडा पायजे. आठ दिसांत. ऊस वाळाय लागलाय, न्हाईतर तुमच्या दारात कशाला आलो असतो?” मारुतीराव वळले, पुन्हा थांबले. “आनी पिळाच्या दिशी म्या सोता येतो म्हणून सांग. बाटली घिऊन.”

त्या भागातील हा जुना रिवाज होता. नाड्याचे तीन पेड एकत्र करून अखेरचा पीळ घालतेवेळी विहिरीच्या धन्याने दारूची बाटली आणावी, अर्धी दोराच्या गाठीवर ओतावी व अर्धी दोर वळणाऱ्याने तेथेच उभ्याउभ्या प्यावी. तिला पिळाची बाटली म्हणत. ज्या दोराला व दोरकऱ्याला एकत्र पाजली नाही तो दोर धरत नाही, अशी लोकांची पक्की समजूत. पाजणे हा धन्याचा मान आणि पिणे हा दोरकऱ्याचा मान. केदारीच्या बापाने तो मान घेतला होता, आज्याने घेतला होता. आणि केदारीने तो मान इतका घेतला की पिळाच्या दिवसाची वाट पाहण्याचे त्याला कारणच उरले नाही.

मारुतीराव गेल्यावर अंजनीने मोगरी टाकली व ओल्या हातांनी पदर तोंडाला लावला. तिला नाडा दिसत नव्हता, बाटलीच दिसत होती.

वाचकहो, पाच वर्षांमागची गोष्ट आता सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मारुतीरावाच्या मोटेवर तेव्हा रवळू नावाचा मोटकरी होता. त्याच्या गाण्यावर बैल पावले टाकीत, असे लोक म्हणत. भरलेली मोट वर येण्यासाठी बैल जेव्हा धावेच्या उतारावरून खाली जात, तेव्हा रवळू टुणकन उडी मारून ताणलेल्या नाड्यावर बसे, म्हणजे त्याच्या अंगाचा भार बैलांच्या कामी येई. मोटकरी नाड्यावर बसतो तेव्हा तो आपला जीव दोर वळणाऱ्याच्या हाती देतो. त्या दिवशी दोर मधोमध तुटला. रवळू धावेच्या दगडांवर आपटला, त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. बैल उतारावरून खाली गडगडले, त्यांतला एक पुन्हा उठला नाही.

चावडीपुढे केदारीला विचारले तेव्हा तो म्हणाला, “दोर चांगला हुता. रवळूनं सांजंला उकलून वाळत घातला न्हाय, पाण्यातच ठिवला. कुजला.”

सर्वांनी ते मानले. मोडक्या पायाचा मनुष्य झोळीत पडून काय वाद घालणार? मारुतीरावांनी त्यास कामावरून काढले. बैलाचा जीव घेतला, हा बोल रवळूच्या कपाळी बसला तो बसलाच.

परंतु अंजनीला खरे ठाऊक होते. पिळाच्या दिवशी तिसरा पेड अजून वळायचा होता व केदारी सकाळपासूनच झोकांड्या खात होता. वाखाचे झेले ती त्याच्या हाती देत होती व तिसऱ्या पेडात हातभर अंतरावर वाख भरायचाच राहिला, वरून नुसते वेष्टण आले. पोकळ पेड. तिने पाहिले होते. “अवो, हितं पोकळ ऱ्हायलंय,” ती म्हणाली होती. त्याने तिच्या तोंडात मारली आणि पीळ घातला. दोर तुटल्यावर सर्व लोक रवळूभोवती जमले असता तिने ओढ्याच्या बाजूस फेकलेला दोराचा तुटका शेव, म्हणजे टोकाकडचा तुकडा, उचलला, पदराखाली घरी आणला व आढ्यात खोचला. का ठेवला, ते तिलाही सांगता आले नसते. नवऱ्यास त्याची वार्ता नव्हती.

त्यानंतर केदारी अधिकच पिऊ लागला व विहिरीचे धनी त्याच्याकडून नाडा वळून घेईनासे झाले. चार वेळा त्याने शपथ घेतली: एकदा आईच्या डोक्यावर हात ठेवून, एकदा देवीच्या भंडाऱ्यावर, एकदा अंजनीच्या पायावर, आणि एकदा तर दारूच्या दुकानातच. या चौथ्या शपथेचे लोक अजून नाव काढतात.

पुढे केदारी निपाणीच्या बाजारात गटारीकाठी पडलेला असता, खासबाग या कानडी विणकरांच्या वस्तीतले शमुवेल मास्तर त्यास भेटले. हे गृहस्थ मागावर लुगडी विणीत व रविवारी ख्रिस्ती मंडळीस उपदेश करीत. पूर्वी तेही पक्के दारुडे होते आणि ही गोष्ट ते लपवीत नसत, उलट पहिल्याच वाक्यात सांगून टाकीत. त्यांनी केदारीस बैलगाडीत घालून आपल्या घरी नेले. अंजनी पाठोपाठ गेली. तीन दिवस त्याचे अंग थडथड उडत होते. भिंतीवरील सुताच्या लड्या त्यास साप दिसत व तो किंचाळे. मास्तर त्याच्या उशाशी बसून तोंडात पेज घालीत. चौथ्या दिवशी केदारी डोळे उघडून म्हणाला, “मास्तर, शपत घ्या माझ्याकडनं. जन्माची.”

“नको रं बाबा,” मास्तर म्हणाले, “जन्माची लई घेतल्यास तू. जन्म कुणाच्या हातात हाय? तू प्रभूकडं सांजपातूर माग. सांज झाली की उपकार मान, आनी सकाळपातूर माग. एवढंच.”

तेव्हापासून केदारी रोज उगवतीला दारात उभा राही, डोक्याचा पटका काढी व म्हणे, “येसू देवा, आज सांजपातूर.” यापरती प्रार्थना त्यास येत नव्हती. अंजनी मंडळीत मागच्या चटईवर बसे, परंतु तिचे लक्ष प्रभूपेक्षा नवऱ्याच्या हातांकडेच जास्त असे. हात थरथरतात काय? नाही. आज नाही.

तथापि दारू सुटली म्हणजे मनुष्य लगेच संत होतो, असे कोणी मानू नये. पहिल्या वर्षी केदारीने वळलेले कासरे लोकांनी परत आणून टाकले. त्यांस इतका पीळ असे की दोर मोकळा सोडताच त्याच्या आढ्या पडत, बैलाच्या मानेभोवती तो सापासारखा वेटोळे घेई. धाकटा भाऊ गुंडू पिऊन आला की केदारी त्यास वस्तीच्या मधोमध उभे करून बोल लावी. एके दिवशी अंजनीने तसला एक कासरा त्याच्यापुढे टाकला.

“लई पीळ झाला तरी दोर तुटतोय. तुमच्या बापानंच सांगितलं हुतं न्हवं?”

“मग?”

“मग काय? दोराचंच बोलतीया म्या.” आणि ती आत गेली.

केदारीने तो कासरा उकलून पुन्हा वळायला घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने गुंडूला हाक मारून शेजारी जेवायला बसविले व एकही शब्द उपदेशाचा काढला नाही. गुंडू पोटभर जेवून म्हणाला, “आण्णा, आज ताप-बीप आलाय काय तुला?”

असो. आता नाड्याकडे वळू.

पहिले तीन दिवस वाख काढण्यात व विंचरण्यात गेले. उन्हाने माळ तापून तव्यासारखा झाला होता. केदारी डोक्यावर पात्यांचे भारे आणी, त्याच्या मानेवर काट्यांचे ओरखडे उठत व त्यांत घाम झोंबे. अंजनी बडवी, गुंडू झटकी. चौथ्या दिवशी वस्तीपुढच्या मोकळ्या पट्टीत दोन मेढी रोवल्या, लाकडी फिरकी बांधली व पेड वळण्यास प्रारंभ झाला. फिरकी गुंडू फिरवी, केदारी मागे मागे सरकत वाख सोडी, अंजनी काखेत झेले घेऊन त्याच्या बरोबरीने चाले व एकेक पुढे करी. एका पेडास चाळीस वेळा मागे सरकावे लागे. केदारीच्या बोटांतून वाख असा सुटे की जणू पाण्याची धार. अंजनी ते पाहात होती आणि प्रथमच तिच्या मनात आले की, हा मनुष्य कसबी आहे. सात वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिला कळलीच नव्हती, कारण आधी ते हात तिने शुद्धीत कधी पाहिले नव्हते आणि नंतर ते थरथरतात काय एवढेच पाहिले होते.

दोन पेड झाले. पाचव्या दिवशी तिसऱ्या पेडाच्या मध्यावर केदारी थांबला.

“सरक की मागं, आण्णा!” गुंडू ओरडला. “का उनानं झोप लागली?”

केदारीने वाख खाली ठेवला. “अंजने, हितंच ऱ्हायलं हुतं न्हवं? तिसऱ्यात. मधोमध.”

पाच वर्षांत त्याने ती गोष्ट काढली नव्हती. तिला वाटले होते, त्या दिवसाचे त्याला काही आठवतच नाही.

“तुमास्नी ठावं हाय?”

“तू बोलल्याली आठवतंय. तुज्या तोंडात मारल्यालं आठवतंय. चावडीम्होरं खोटं बोललो, ते तर शुद्धीवर बोललो.” तो मेढीस टेकून खाली बसला. “मला रवळूकडं जायाचं हाय.”

“कशापायी?”

“सांगाय.”

“येडं का खुळं तुमी?” अंजनीचा आवाज चढला. “दारू सुटली ती बरी सुटली, आता तोंड बी सुटाय लागलं? पाच वर्सांनी एक धनी दारात आलाय. त्यो बैल कुणाचा मेला? मारुतीरावाचा. उद्या वस्तीला आग लावंल त्यो!”

“लावंल.”

“मग?”

“म्या रोज सांजपातूर मागतोय,” केदारी हळू म्हणाला, “आनी रोज रवळू काठी टेकत माळ्यावर जाताना दिसतोय. देवाम्होरं पटका काढतो, आनी त्यो दिसला की मान फिरीवतो. ह्ये पोकळ पेडच झालं की गं. वरनं वेष्टण.”

अंजनीला पुष्कळ बोलायचे होते. लेकरे नव्हती, जमीन नव्हती. गावचा विश्वास एवढीच त्यांची मिळकत, आणि तीही आत्ता कुठे परत दारात आली होती. तिने काखेतले झेले खाली टाकले व तरातरा घरात गेली. केदारीस वाटले, ती रुसली. ती हातात एक काळपट, धुराने माखलेले काहीतरी घेऊन बाहेर आली व तिने ते त्याच्या मांडीवर टाकले.

तो तुटका शेव होता. त्याच्या मध्यभागी बोट जाईल एवढी पोकळी स्पष्ट दिसत होती.

“नुसत्या तोंडाला कोण इचारतंय?” अंजनी म्हणाली. “ह्ये घिऊन जावा. म्या बी येती.”

रवळू तेव्हा ओढ्याकाठच्या उन्हाळी जोंधळ्याच्या राखणीवर असे. चार लाकडांच्या माळ्याखाली तो गोफण घेऊन बसला होता. मोडका पाय पुढे पसरलेला होता. त्याची बायको बायाक्का भाकरी घेऊन आलेली होती. केदारी बांधावरच थांबला, पटका काढला आणि जे घडले ते आरंभापासून अखेरपर्यंत सांगितले. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही व दारूवरही खापर फोडले नाही.

बायाक्काने भाकरीचे फडके आपटले. “पाच वर्सं! पाच वर्सं ह्येंच्या तोंडावर लोक थुकलं! बैलमाऱ्या म्हनूनशान पोरं माज्या दारात वराडली! आनी ही भवानी, हिला बी ठावं हुतं?”

“व्हय आक्का,” अंजनी म्हणाली. “मला बी ठावं हुतं.”

“मग मेली न्हाईस का गं तवाच?”

अंजनीने मान खाली घातली.

रवळूने तो शेव हातात घेतला. अंगठा त्या पोकळीत घालून पाहिला. वाऱ्याने जोंधळा सळसळत होता. पाखरांचा थवा कणसांवर उतरला तरी त्याने गोफण उचलली नाही.

“मलाच वाटाय लागलं हुतं,” तो शेवटी म्हणाला, “की म्याच वाळवाय इसरलो आसंन. इतकी माणसं म्हणत्यात, तर आसंल.” त्याने शेव केदारीच्या अंगावर परत टाकला. “माज्याम्होरं सांगून काय उपेग? ज्येंनी मला काढला त्येंच्याम्होरं सांग. पाजायच्या वक्ताला सांग. बगू तुजा देव.”

आठव्या दिवशी सकाळी पीळ घालण्याचा मुहूर्त होता. उगवतीला केदारी दारात उभा राहिला, पटका काढला. परंतु त्या दिवशी शब्द फुटले नाहीत. नुसते ओठ हलले. अंजनीने दुरून ते पाहिले आणि तिने त्याच्या वाटचे “आज सांजपातूर” आपण म्हटले.

मारुतीराव दहा-बारा शेतकऱ्यांसह आले. त्यांच्या काखेत चिंधीचे बूच घातलेली बाटली होती. बाभळीखाली मंडळी बसली. तिन्ही पेड ताणून लावलेले होते, एका टोकास फिरकी, दुसऱ्या टोकास तीन खाचांचा लाकडी लट्टू. गुंडू फिरवू लागला व केदारी लट्टू धरून पावलापावलाने पुढे सरकू लागला. लट्टूच्या मागे तीन पेड एकमेकांस मिठी घालीत चालले. त्याच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, टाचा मातीत रुतत होत्या, पण चाल एकसारखी. अंजनी दोरावर ओले फडके फिरवीत मागून चालली. ना आढी, ना सैल जागा. एक म्हातारा शेतकरी पुटपुटला, “ह्येच्या बापाचा हात आलाय ह्येच्यात.”

शेवटची हातभर जागा राहिली असता मारुतीराव उठले व त्यांनी बूच काढले. उग्र वास पट्टीभर पसरला. केदारीच्या नाकपुड्या फुलल्या. अंजनीला ते दिसले.

“घे,” मारुतीराव म्हणाले. “आदी दोराला पाजतो, मग तू.”

“नगं मालक.”

“का रं?”

“सोडलीया.”

“सोडलीस तर सोड, कोण रोज पी म्हणतोय? ह्यो मान हाय. माजा मान हाय ह्यो! दोन घोट घे आनी थुकून टाक.”

“नगं काय, बेडा म्हणतोय त्यो कानडीत,” एक जण म्हणाला व लोक हसले. “खासबागेला ऱ्हाऊन आलाय, आता मराठी कळत न्हाय त्येला!”

केदारीने लट्टू सोडला नाही. सोडला असता तर सारा पीळ उलगडला असता. तो तसाच, दोराचा सगळा ताण दोन हातांवर पेलून बोलू लागला.

“मालक, पाच वर्सांमागं ह्येच जाग्यावर तुमी पाजली, म्या प्यालो. त्यो दोर तुटला. रवळूनं न्हाय कुजीवला. म्या तिसरा पेड पोकळ सोडला हुता. चावडीम्होरं म्या खोटं बोललो. अंजने, दाव त्येंस्नी.”

अंजनीने कमरेचा शेव काढला. मारुतीरावांच्या हाती तिला देता येत नव्हता. तिने तो दहा पावलांवर मातीत ठेवला व मागे सरली. मारुतीरावांनी तो काठीने उलटवला, मग वाकून उचलला. पोकळी पाहताच त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

“माजा बैल!” त्यांच्या तोंडून एवढेच निघाले. मग काठी उगारून ते पुढे धावले व केदारीच्या पाठीवर दोन, तीन, चार तडाखे बसले. केदारीचे गुडघे लवले. हात हलले नाहीत. लट्टू जेथल्या तेथे. गुंडू फिरकी सोडून धावणार, तोच केदारी ओरडला, “फिरकी सोडू नगंस! पीळ जाईल!”

त्या शब्दांनी मारुतीरावांची काठी हवेत थांबली. मार खाणारा मनुष्य पाठीपेक्षा दोराची काळजी करतो, हे त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

केदारीने शेवटची हातभर जागा भरली, गाठ मारली, मग लट्टू खाली ठेवला. “झाला मालक. मारायचं असंल तर आता मारा.”

मारुतीराव धापा टाकीत होते. “कोरडा दोर,” ते म्हणाले. “न पाजल्याला. वर तुज्या हातचा. ह्येच्यावर कोण बसंल? सांग, कोण बसंल?” त्यांनी आपल्या नव्या मोटकऱ्याकडे पाहिले. तो दोन पावले मागे सरकला व म्हणाला, “म्या न्हाय मालक. बायकापोरं हाईत मला.”

ऊस वाळत होता, दोर तयार होता आणि त्यावर बसणारा कोणी नव्हता. अंजनीला वाटले, संपले. आठ दिवसांचे हात, दोन वर्षांच्या सांजा, सर्व याच पट्टीत संपले.

तेव्हा बाभळीच्या पलीकडून काठीचा टकटक आवाज आला. रवळू आला होता. केव्हा आला, किती ऐकले, कोण जाणे. मागे बायाक्का. तो दोरापाशी आला, काठी बायाक्काच्या हाती दिली व जमिनीवर बसून दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपू लागला. तिसऱ्या पेडाशी, मधोमध, त्याचा अंगठा थांबला. त्याने तेथे नखाने उचकटून पाहिले. मग मान वर केली.

“म्या बसतो.”

“अवो!” बायाक्का किंचाळली.

“एक पाय हाय अजून,” रवळू म्हणाला. “मालक, बैल जुपा.”

दोर विहिरीकडे नेला. केदारी, अंजनी व गुंडू पाटाच्या खालच्या अंगास, त्यांना जेथवर येण्याची मुभा होती तेथे, उभे राहिले. मोट नऊ परस खाली गेली व पाण्यावर धप्प आवाज झाला, तो सर्वांनी ऐकला. मोट बुडाली, भरली, दोर ताठ झाला. बैल धावेवरून खाली उतरू लागले. दोन माणसांनी रवळूला उचलले व त्याने मोडका पाय सावरून नाड्यावर अंग टाकले.

दोर कुरकुरला. नवा दोर कुरकुरतोच, तरी अंजनीने केदारीचा दंड गच्च धरला. “देवा,” ती पुटपुटली, “एवढी एक मोट.” रवळू नाड्यावर झुलत खाली जात होता, त्याचे डोळे मिटलेले होते. उतार अर्धा झाला, पाऊण झाला. मग त्याने डोळे उघडले आणि पाच वर्षांपूर्वी अर्धवट तुटलेले गाणे मोठ्याने उचलले. बैलांपैकी एक म्हातारा होता. त्याने कान टवकारले व पावले लांब टाकली. मोट थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या हौदात, ओतली गेली आणि पाण्याचा लोट पाटात धडाडला.

“आनी येक!” रवळू ओरडला.

त्या दिवशी सांजेपर्यंत त्याने मोटा मारल्या. मारुतीराव थारोळ्यापाशी उभे होते. बाटली अजून त्यांच्या काखेतच होती. त्यांनी केदारीची क्षमा मागितली नाही आणि बैल विसरल्याचेही कधी सांगितले नाही. परंतु दुपारी त्यांनी तांब्याभर पाणी घेतले, नाड्याच्या गाठीवर ओतले व मोठ्याने म्हणाले, “पाजला रं दोराला!” बाटली त्यांनी जशी आणली तशी घरी नेली. गुंडू तिच्याकडे पाहात राहिला. तो पुढेही दोन वर्षे पीतच होता, हे खरे सांगितले पाहिजे. रवळूस मात्र त्याच दिवशी मोटेवर परत घेतले.

पाटाचे पाणी खालच्या अंगास पोचले तेव्हा अंजनी वाकली व तिने आपले लाल झालेले हात त्यात बुडविले. आठ दिवसांची खाज थंड झाली. केदारीच्या पाठीवर काठीचे चार वळ उठले होते. तिने ओंजळीने त्यावर पाणी सोडले.

“दुखतंय का वो?”

“दुखतंय की.”

“ऊन कललं,” ती म्हणाली. “सांज झाली.”

केदारीने पटका काढला. अंजनीने पदर डोक्यावर घेतला. पाच वर्षांत प्रथमच ती गावाच्या बाजूस तोंड करून, मान ताठ ठेवून उभी राहिली.

तो नाडा सात वर्षे टिकला. माळगुंदीत त्यानंतर पिळाची बाटली कोणी आणली नाही. पिळाचे पाणी आणतात, आणि ते ओतण्याचा मान मोटकऱ्याचा असतो.

वाचकहो, ही हकीकत मी ऐकीव लिहिली नाही. नाड्यावर बसलेला मनुष्य माझा बाप होता. ज्याने त्यास पाडले त्यानेच त्यास परत बसविले, व मला अक्षर शिकविण्यासाठी खासबागेस मास्तरांकडे नेऊन सोडले, तोही केदारीच. शाळा मला चारच यत्ता लाभली. भाषेत जेथे पीळ सैल पडला असेल वा जास्त झाला असेल, तेथे माझा हात अपुरा समजावा. एवढे मन लावून वाचलेत, याबद्दल आपले उपकार मानतो.

आपला नम्र,
भरमा रवळू मोटकरी
मुक्काम माळगुंदी